परसातला रायवळ तोडण्याआधी

घरामागे तीन गुंठे मोकळे मिळाले की आम्ही रत्नागिरीकर तिन्ही कलमे हापूसचीच लावतो. घरात मुलांना खायला आंबे हवे असतील तर आमच्या मते हे चुकते. हापूस बहुधा वर्षाआड धरतो, शिवाय साका निघतो तो वेगळाच. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेला ‘रत्ना’ (१९८१) दरवर्षी धरतो, साक्याचाही त्रास नाही. रसाला एक पायरी हवीच.

तिसरी जागा घरच्या रायवळाला द्यावी. पण त्याचे कलम विकत कुठून मिळणार? दादीच्या झाडाच्या कोयी आम्ही दोनदा रुजवल्या. एका झाडाचा आंबा आंबट निघाला, दुसऱ्याचा नुसता दोऱ्यांचा. कोयीतून मूळ झाडाचाच आंबा येईल याची खात्री नसते. मग गेल्या पावसाळ्यात दहा-पंधरा दिवसांच्या कोंबांवर त्याच झाडाच्या काड्या बांधून पाच कोय कलमे केली. तीन जगली. दोन झाडांत दहा मीटर अंतर लागते, म्हणजे गुंठ्याला एकच. म्हणून दोन बहिणींकडे पाठवली.

यंदा चाचांनी घर वाढवायला दादीचे झाड तोडले. आमचे कलम अजून गुडघाभरच आहे.