गर्भवतीच्या आहारातील मीठ

बंगळूरच्या दक्षिण भागातील एक मोठी वसाहत जयप्रकाश नारायण यांच्या नावाने जे. पी. नगर म्हणून ओळखली जाते. तेथील एखाद्या मराठी घराच्या स्वयंपाकघरात मिठाचे दोन डबे आढळल्यास नवल नाही: एक रोजच्या आयोडीनयुक्त मिठाचा, दुसरा उपवासाच्या सैंधवाचा. अलीकडे ‘नैसर्गिक’ म्हणून सैंधव रोजच्या आमटीतही पडू लागले आहे. घरात गर्भवती स्त्री असेल तर या दोन डब्यांमधील निवड केवळ रुचीची राहत नाही.

गळ्यातील अवटु ग्रंथीला थायरॉक्सिन हा अंतःस्राव तयार करण्यासाठी आयोडीन लागते. गर्भाची स्वतःची अवटु ग्रंथी सुमारे बाराव्या आठवड्यापासून काम करू लागते आणि ती पुरेशी समर्थ होईतो गर्भकालाचा जवळजवळ अर्धा भाग लोटतो. तोवर गर्भाच्या मेंदूची जडणघडण आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. शिवाय गर्भावस्थेत मूत्रावाटे अधिक आयोडीन बाहेर जाते. यास्तव प्रौढ व्यक्तीस दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरत असले, तरी गर्भवतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 250 मायक्रोग्रॅमचे प्रमाण सुचविले आहे. तीव्र न्यूनतेत गर्भपात, मृतजन्म आणि मुलाचे कायमचे मतिमांद्य व बहिरेपण संभवते. मेंदूची ही हानी जन्मानंतर कोणत्याही औषधाने पूर्णपणे भरून येत नाही.

वेळेचे महत्त्व पापुआ न्यू गिनीत स्पष्ट झाले. 1966 पासून तेथील डोंगरी भागात स्त्रियांना आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शने देण्यात आली. ज्यांना ती गर्भधारणेपूर्वी मिळाली, त्यांची मुले या व्यंगापासून वाचली. गर्भ राहून गेल्यावर दिलेल्या इंजेक्शनाने ते टळेलच, अशी खात्री राहिली नाही. दिवस गेल्याचे ध्यानात येईपर्यंत काही आठवडे उलटलेले असतात. म्हणूनच आयोडीन औषधाच्या बाटलीतून येण्यापेक्षा रोजच्या मिठातून येणे इष्ट. भारतात हा मार्ग डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून कांग्रा खोऱ्यात तपासून पाहिला, आणि 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनरहित खाद्यमिठावरील बंदी 2000 साली केंद्राने उठविली होती; 2006 मध्ये ती पुन्हा लागू झाली.

या धोरणाचे फळ बंगळूरमध्येच मोजले गेले आहे. तेथील सेंट जॉन्स संशोधन संस्था आणि बँकॉक येथील संशोधक यांनी मिळून 832 गर्भवतींची चाचणी घेतली. निम्म्यांना रोज 200 मायक्रोग्रॅम आयोडीनची गोळी दिली, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण आयोडीनविरहित गोळी. मुले पाच-सहा वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली, तेव्हा दोन गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. 2017 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अखेरच्या तपासणीपर्यंत बरीच मुले राहिली नव्हती, हेही ध्यानी घ्यावयास हवे. तथापि यावरून आयोडीन अनावश्यक ठरते, असा अर्थ काढणे सर्वथा चुकीचे होईल. ज्या स्त्रियांची न्यूनता सौम्य होती किंवा नव्हतीच, त्यांच्या बाबतीत गोळीने भर घातली नाही, इतकेच. बंगळूरच्या गर्भवतींच्या मूत्रतपासणीत आयोडीन पुरेसे असल्याचे आढळले आहे, आणि त्याचे श्रेय मिठाकडे जाते. मात्र आयोडीन पुरेसे असूनही त्यांच्यापैकी अनेकींत अवटु ग्रंथीचे कार्य मंद असल्याचे दिसले; तेव्हा मीठ योग्य आहे म्हणून रक्ततपासणी टाळता येत नाही.

मिठाचा हिशेब मात्र दिसतो तितका सैल नाही. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा दंडक आहे. म्हणजे पाच ग्रॅम मिठातून कमीत कमी 75 मायक्रोग्रॅम मिळते. शिजविताना त्यातलेही काही उडते. उरलेले दूध, अंडी आणि समुद्रातील मासे यांतून यावे लागते. रक्तदाबासाठी मीठ कमी करण्याचा सल्ला मिळालेल्या शाकाहारी गर्भवतीने ही बाजू वैद्यांपाशी अवश्य काढावी. मात्र मनानेच जास्त मात्रेच्या गोळ्या घेऊ नयेत. अतिरेकानेही ग्रंथीचे कार्य बिघडते.

समुद्राच्या मिठात आयोडीन असतेच, हा समज कोकणापासून बंगळूरपर्यंत सर्वत्र आढळतो. वस्तुतः मिठागरातील साध्या मिठात ते नगण्यच असते, आणि सैंधवातही. वेष्टणावर आयोडीनयुक्त असे छापलेले आहे की नाही, हे पाहून मीठ घ्यावे, डबा झाकून चुलीपासून दूर ठेवावा, आणि मीठ भाजी उतरविताना घालावे. उपवासाच्या एखाद्या दिवशी सैंधव वापरल्याने काही बिघडत नाही. नऊ महिने तेच वापरणे ही वेगळी गोष्ट.