निराजी रावजी : न्यायाधीश आणि वकील

सतराव्या शतकातील युरोपात धर्मशास्त्र, कायदा आणि राजनीती यांच्या संगमावर उभे राहिलेले विद्वान पुष्कळ आढळतात. जर्मन न्यायशास्त्रज्ञ सॅम्युएल पुफेनडॉर्फ (1632–1694) हा त्यांपैकी एक होय. कोपनहेगन येथे स्वीडिश वकिलाच्या घरी शिक्षक असता तो युद्धामुळे कैदेत पडला. निसर्गसिद्ध कायदा व राष्ट्रांराष्ट्रांतील कायदा यांवरील त्याचा बृहद्ग्रंथ 1672 साली प्रसिद्ध झाला. पुढे दोनच वर्षांनी रायगडावर एका मराठा न्यायाधीशाने याच क्षेत्रातील एक प्रश्न हाताळला. त्याने ग्रंथ लिहिला नाही, म्हणून त्याची गणना कायदेपंडितांत होत नाही, एवढेच.

निराजी रावजी प्रथम ठळकपणे दिसतात ते न्यायासनावर नव्हे, तर मोगलांच्या छावणीत. आग्र्याहून सुटका झाल्यानंतर शिवाजीमहाराजांनी मोगलांशी तह केला, आणि 1667 साली युवराज संभाजीराजांच्या नावे मराठ्यांची फौज औरंगाबादेस शाहजादा मुअज्जम याच्याकडे गेली. तिच्याबरोबर प्रतापराव गुजर सेनापती म्हणून आणि निराजीपंत कारभारी म्हणून होते. 1669 च्या अखेरीस औरंगजेबाने या दोघांस कैद करण्याचा हुकूम सोडला. परंतु फौज सुखरूप स्वराज्यात परतली. शाहजाद्यानेच पंतांस आगाऊ सूचना दिली, असे सभासदाची बखर सांगते. ते सर्वांशी खरे मानले, तर दोन वर्षांत पंतांनी संपादलेल्या विश्वासाची ती पावतीच म्हणावी लागेल.

1674 साली अष्टप्रधानांत त्यांच्याकडे न्यायाधीशपद आले. न्यायाधीश आणि पंडितराव या दोघांवर लष्करी मोहिमांची जबाबदारी नव्हती. वकिलीचे काम मात्र निराजीपंतांच्या हातून सुटले नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास मुंबईच्या इंग्रजांतर्फे हेन्री ऑक्झेंडेन रायगडाखाली पाचाडास येऊन पोहोचला, तेव्हा त्याची गाठ प्रथम पंतांशीच पडली. त्याच्या वृत्तांतावरून (डॉ. जॉन फ्रायर याने 1698 साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याचा सारांश आला आहे) पंतांचे बोलणे आजही समजून घेता येते. राज्याभिषेकानंतर महाराज व्यापार आणि प्रजा यांच्याकडे अधिक लक्ष देतील, आजवरच्या अखंड युद्धांमुळे ते जमले नव्हते, असे आश्वासन त्यांनी दिले. सिद्दीशी समेट करण्याचा विषय मात्र महाराजांपुढे काढण्यात अर्थ नाही, हेही बजावले. राजापूरच्या वखारीच्या नुकसानीबद्दल 10,000 होन देण्याचे ठरले आणि इतर बहुतेक कलमे मान्य झाली.

दोन कलमे तेवढी अडली. पहिले नाण्याचे. इंग्रजांचे नाणे राज्यात चालावे, या मागणीवर उत्तर आले की, कोणतेही नाणे आम्ही अडवीत नाही. परंतु ज्यात तोटा आहे ते घेण्याची सक्तीही प्रजेवर करता येत नाही. कस आणि वजन मोगलांच्या नाण्याइतके असेल तर ते आपोआप चालेल.

दुसरे कलम अधिक महत्त्वाचे आहे. वादळाने किनाऱ्यास लागलेली इंग्रजांची तारवे व त्यांवरील माल परत मिळावा, अशी मागणी होती. असे तारू वा माल परत करणे कोकणच्या कायद्याविरुद्ध आहे. ही सवलत इंग्रजांस दिली तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारीही तोच हक्क मागतील, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला रिवाज मोडेल, असा जबाब मिळाला. अशा मालावर राजसत्तेने हक्क सांगणे अन्याय्य आहे, असे ग्रोशियसने 1625 सालीच लिहिले होते. आजच्या दृष्टीनेही तोच पक्ष न्याय्य वाटतो. तथापि रायगडावरील उत्तर म्हणजे केवळ हट्ट नव्हता. स्थानिक रूढी हा कायद्याचा आधार आहे, आणि एका परकीयास दिलेला हक्क दुसऱ्यास नाकारता येत नाही, अशी दोन तत्त्वे त्यात स्पष्ट आहेत. ती निराजीपंतांची की महाराजांची, हा प्रश्न उरतोच, कारण निर्णय महाराजांच्या नावे सांगितला गेला. परंतु वृत्तांतात एक सूचक वाक्य आहे. मोगल व विजापूरकर यांच्या मुलखात इंग्रजांस ही सवलत आहे, तेव्हा येथेही ती मिळण्याची आशा पंतांनी सर्वस्वी सोडली नव्हती. म्हणजे न्यायाधीश म्हणून जी रूढी त्यांनी वकिलास ऐकवली, तिच्या विरुद्ध जाणारे पूर्वोदाहरणही त्यांच्या नजरेसमोर होते, आणि ते त्यांनी परपक्षापासून लपविले नाही. ही मुत्सद्देगिरी म्हणावी की न्यायबुद्धी, याचा निवाडा सोपा नाही.

राज्याभिषेकाच्या दिवशी, 6 जून 1674 रोजी, सिंहासनाजवळ भाल्याच्या टोकावर टांगलेला सोन्याचा तराजू ऑक्झेंडेनने पाहिला आणि ते न्यायाचे चिन्ह असल्याची नोंद केली. दरबारात रिकाम्या हाताने जाऊ नये, काही लहानशी भेट न्यावी, हा सल्ला त्याला आधी निराजीपंतांनीच दिला होता.

त्यांचे पुत्र प्रल्हाद निराजी याच वाटेने पुढे गेले. कुतुबशाही दरबारी ते महाराजांचे वकील होते. 1689 नंतर जिंजीस राजाराममहाराजांनी त्यांच्यासाठी पेशव्यांहूनही वरचे प्रतिनिधिपद नव्याने निर्माण केले.