बर्फातल्या दोन खुर्च्या

शिकागोत मोठं हिमवादळ होऊन गेलं की रस्त्याकडेला खुर्च्या उगवतात. प्लॅस्टिकची मोडकी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, दोन बादल्यांवर आडवी टाकलेली फळी; ज्याच्या अडगळीत जे सापडेल ते. तास-दोन तास फावडं मारून गाडी बाहेर काढायची आणि कामावरून परत येईतो ती जागा कुणी बळकावू नये म्हणून हा पहारा बसवायचा. या रिवाजाला तिथे ‘डिब्ज’ म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेचा हा थंडीतला मावसभाऊ. कायद्याचा आधार दोघांनाही नाही, पण खुर्ची सरकवून गाडी लावणाऱ्याची धडगत नसते.

खरं तर भांडणाचं मूळ पालिकेच्याच यंत्रात आहे. पुढे भलंमोठं पातं लावलेले मिठाचे ट्रक आधी हमरस्ते मोकळे करतात, गल्लीबोळांचा नंबर नंतर. पातं बर्फ ढकलतं ते बाजूला, म्हणजे उभ्या गाड्यांच्या अंगावर. मधला रस्ता पालिकेचा. पदपथ ज्याच्या घरापुढे, त्याचा. सायंकाळी सातपर्यंत पडलेला बर्फ रात्री दहाच्या आत आणि रात्रीचा सकाळी दहाच्या आत काढायचा, पाच फूट रुंद वाट करायची, नाहीतर दंड. या दोहोंच्या मध्ये गाडी लावायची जी पट्टी उरते तिला वाली नाही. तिथे खुर्चीचं राज्य.

मिठाचं काम आपल्याला नवं नाही. पॉटचं आईस्क्रीम करताना बर्फात जाडं मीठ टाकतात, तेच हे. खारं पाणी शून्याखालीही गोठत नाही, म्हणून रस्त्यावरचा बर्फ सुटतो. पारा उणे दहाच्या खाली घसरला की मात्र साधं मीठ हात टेकतं.

दुसरी खुर्ची महापौरांची. जानेवारी १९७९ मध्ये आधीच्या बर्फावर आणखी वीसेक इंच बर्फ पडला. गल्ल्या तुंबल्या, कचरा साचला. शाळांची आवारं गाड्यांसाठी मोकळी केल्याचं महापौर मायकेल बिलँडिक सांगत होते. लोक जाऊन बघतात तो तिथेही बर्फ. त्यातच लोकलगाड्या कृष्णवर्णीय वस्त्यांतली स्थानकं न थांबता ओलांडू लागल्या. माझ्या मते घाव बसला तो इथे. बर्फ सगळ्यांवर सारखा पडला होता, गाडी मात्र काहींसाठीच थांबत होती. फेब्रुवारीत पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांनी बिलँडिकना हरवलं आणि शिकागोला पहिल्या महिला महापौर मिळाल्या.

हिवाळ्यात लेकीकडे, मुलाकडे शिकागोला जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. १ डिसेंबर ते १ एप्रिल ठरावीक हमरस्त्यांवर पहाटे ३ ते ७ गाडी उभी करता येत नाही. बर्फाचा कण नसला तरी उचलून नेतात. आणि रस्त्यात बेवारस खुर्ची दिसली, तर कृपा करून तिला हात लावू नका.