केंब्रिजची ओळख, ट्रॉम्बेची भट्टी

1939 मध्ये होमी भाभा केंब्रिजहून सुटीसाठी मुंबईला आले आणि सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटलं. परतण्याचा बेत बारगळला. वय अवघं 29, पण हाइटलर यांच्यासोबत मांडलेल्या विश्वकिरणांच्या वर्षावाच्या सिद्धांतामुळे पदार्थविज्ञानात नाव झालेलं.

तिकडे केंब्रिजच्या वर्तुळातली माणसं एकेक करून गुप्त कामात ओढली गेली. मार्च 1940 मध्ये बर्मिंगहॅमला फ्रिश आणि पायर्ल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की युरेनियम-235चा बॉम्ब टनांत नव्हे, किलोंत होईल. न्यूट्रॉन शोधणारे चॅडविक अमेरिकेतल्या बॉम्ब प्रकल्पावरच्या ब्रिटिश पथकाचे प्रमुख झाले. जॉन कॉक्रॉफ्ट यांनी 1944 मध्ये मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा हाती घेतली. तिथे जड पाण्यावर चालणाऱ्या आणि प्लुटोनियम देणाऱ्या अणुभट्टीचा आराखडा आकार घेत होता. कॉक्रॉफ्ट हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

भाभा मात्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन यांच्या विभागात होते. युद्धाचा त्यांना फायदा झाला तो वेगळाच. 1944 मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या विमानांतून गायगर गणक 30,000 फुटांपर्यंत चढवले गेले आणि विषुववृत्ताजवळच्या आकाशातले मेसॉन कण मोजता आले. बॉम्बच्या कामाशी याचा काही संबंध नव्हता.

त्याच वर्षी, 12 मार्चला, त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या सोराब सकलातवालांना पत्र लिहिलं: दोनेक दशकांत अणुऊर्जेपासून वीज निघू लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला परदेशाकडे बघावं लागू नये. हिरोशिमाच्या सतरा महिने आधीचं हे पत्र. त्याला भविष्यवाणी म्हणण्याची आपल्याकडे हौस आहे, पण ते जरा जास्तच होतं. विखंडनाचा शोध 1939च्या सुरुवातीलाच छापून आला होता. भाभांचं खरं मोठेपण वेळ साधण्यात होतं. बॉम्बची बातमी फुटण्याआधीच, 1 जून 1945 रोजी, या पत्रातून साकारलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू झाली. डिसेंबरात तिचं बिऱ्हाड मुंबईत, पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात आलं.

या संस्थेत सगळेच अणुभक्त होते असं नाही. डेक्कन क्वीनने पुण्याहून ये-जा करणारे गणिती दामोदर कोसंबी अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा आग्रह धरत राहिले.

भाभांनी मात्र मुंबईजवळ ट्रॉम्बेला अणुभट्ट्या उभारल्या. त्यातल्या 'अप्सरा'साठी 1956 मध्ये इंधन ब्रिटनहून आलं. तिथल्या हार्वेल अणुकेंद्राचे प्रमुख होते कॉक्रॉफ्ट, आणि कॅनडातल्या चॉक रिव्हर अणुकेंद्राची सूत्रं बेनेट लुईस यांच्याकडे होती. दोघेही भाभांच्या केंब्रिजमधल्या परिचयाचे. मॉन्ट्रियलला आखलेली भट्टी 1947 मध्ये चॉक रिव्हरला पेटली होती. तिच्याच धर्तीवरची 40 मेगावॉटची 'सायरस' कॅनडाने भारताला दिली आणि ती जुलै 1960 मध्ये ट्रॉम्बेत सुरू झाली. बॉम्बपासून दूर राहिलेल्या भाभांच्या दारात युद्धकाळातला आराखडा असा चालत आला.

भाभा जानेवारी 1966 मध्ये माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले. 18 मे 1974 रोजी पोखरणला भारताने केलेल्या अणुस्फोटातलं प्लुटोनियम 'सायरस'मधलंच होतं. कॅनडाशी झालेल्या करारात भट्टी शांततेच्या कामासाठी वापरण्याची अट होती, म्हणून दिल्लीने स्फोटालाही शांततामय म्हटलं. कॅनडाला ते पटलं नाही. त्याने अणुसहकार्य थांबवलं.