भिंत तापते तेव्हा सेन्सर आंधळा का होतो?

माणसाची चाहूल लागताच आपोआप लागणारा आणि तो निघून गेल्यावर विझणारा दिवा आता केवळ महानगरांतील सदनिकांपुरता राहिलेला नाही. छोट्या गावांतील जिन्यांत आणि पोर्चमध्येही तो दिसू लागला आहे. असा दिवा ऐन मे महिन्यात दगा देऊ लागला, की दोष बहुतेक वेळा मोबाइलमधील ॲपला, वायफायला किंवा बसवून देणाऱ्या इलेक्ट्रिशियनला दिला जातो. वऱ्हाडात मात्र, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, संशयितांच्या यादीत भिंतीचे नावही वर असायला हवे.

या दिव्यांत सामान्यतः ‘पीआयआर’ प्रकारचा सेन्सर असतो. तो स्वतः कोणतेही किरण सोडत नाही, तर समोरच्या वस्तूंमधून निघणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे प्रारण, तेवढे टिपतो. मानवी शरीरातून हे प्रारण साधारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक प्रमाणात निघते. सेन्सरच्या आत स्फटिकद्रव्याच्या दोन पट्ट्या परस्परविरुद्ध जोडलेल्या असतात, त्यामुळे दोन्हींवर सारखीच उष्णता पडली तर त्यांचे संकेत एकमेकांना खोडून काढतात. माणूस आडवा चालत गेला, की आधी एका आणि मग दुसऱ्या पट्टीवरील उष्णता बदलते आणि दिवा लागतो. सेन्सरकडे सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा ‘दिसतो’, त्याचेही कारण हेच आहे.

तापमान बदलताच स्फटिकाच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो, हा गुणधर्म जुन्या काळी एका गमतीदार कामामुळे लोकांच्या नजरेत भरला. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून युरोपात टूर्मलीन नावाचे खडे नेले. तापवलेला खडा राख ओढून घेतो हे ध्यानात आल्यावर त्याचा उपयोग तंबाखूच्या चिलमीतील राख काढण्यासाठी होऊ लागला आणि डच भाषेत त्याला ‘राख ओढणारा’ असेच नाव पडले. १८२४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी या गुणधर्माला ‘पायरोइलेक्ट्रिसिटी’, म्हणजे उष्णताजन्य विद्युत, हे शास्त्रीय नाव दिले. आज ‘बुद्धिमान घर’ या नावाने जे विकले जाते, त्याच्या मुळाशी राख ओढणाऱ्या खड्याचेच तत्त्व आहे, हे जाहिरातींत अर्थातच सांगितले जात नाही. उष्णतेपासून वीज मोठ्या प्रमाणावरही होते. वऱ्हाडातीलच नांदगाव पेठ येथे २७० मेगावॅटच्या ५ संचांचे, एकूण १,३५० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथे कोळशाच्या उष्णतेपासून वीज होते आणि त्याच गावातील एखाद्या पोर्चच्या सेन्सरमध्ये माणसाच्या उष्णतेपासून, मात्र ती इतकी क्षीण असते, की प्रवर्धक परिपथाविना तिचा काहीच उपयोग नाही.

खरी अडचण इथेच सुरू होते, कारण सेन्सर उष्णता मोजत नाही, तर उष्णतेतील फरक शोधतो. भिंत २४ अंशांची आणि त्वचा ३३ अंशांची असेल, तर दर चौरस मीटरमागे प्रारणातील फरक सुमारे ५६ वॅट भरतो. भिंत ३५ आणि त्वचा ३६ अंशांवर आली, की तोच फरक ७ वॅटांच्याही खाली घसरतो. पांढऱ्या धोतरावर पडलेला कापसाचा पुंजका जसा पटकन नजरेला पडत नाही, तसा त्या क्षणी माणूस सेन्सरच्या नजरेतून निसटतो. विशेष म्हणजे भरदुपारी भिंत ४२ अंशांवर गेलेली असताना सेन्सर पुन्हा काम करू लागतो, कारण तेव्हा माणूस पार्श्वभूमीपेक्षा थंड ठिपका म्हणून उठून दिसतो आणि फरक उलट दिशेने ४१ वॅटांवर जातो. दिवसभर उन्हाने तापलेली विटांची भिंत दिवस मावळल्यावर हळूहळू निवत शरीराच्या तापमानाच्या टप्प्यातून जाते, म्हणजे दिव्याची गरज असते नेमक्या त्याच वेळी सेन्सर आंधळा होतो.

याची खातरजमा करण्यासाठी अवजारे लागत नाहीत. संध्याकाळी पाण्यात भिजवून पिळलेला पंचा सेन्सरसमोर आडवा हलवून पाहावा. बाष्पीभवनामुळे तो भिंतीपेक्षा बराच थंड असतो, त्यामुळे दिवा लागला तर सेन्सर ठणठणीत आहे आणि दोष भिंतीच्या तापमानाचा आहे, असे समजावे. स्टीलच्या थंड तांब्याने मात्र ही परीक्षा करू नये, कारण चकचकीत धातू स्वतःचे प्रारण फारच कमी सोडतो.

पंच्यानेही दिवा लागला नाही, तर इतर कारणे तपासावीत. उजेडाची मर्यादा ठरवणारी खुंटी चुकीच्या जागी असेल, तर अंधार पडूनही दिवा लागत नाही. दिवा लागतो-विझतो असा खेळ चालू असेल, तर उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर त्याच दिव्याचा प्रकाश पडत असण्याची शक्यता असते. बंद केलेला एलईडी मंद मिणमिणत असेल, तर जुन्या बोर्डात न्यूट्रलची तार नसल्यामुळे स्मार्ट स्विच स्वतःला लागणारी थोडी वीज दिव्यातूनच घेत असतो. कोणी नसताना दिवा लागत असेल, तर कूलरचा झोत सेन्सरवर किंवा समोरच्या पडद्यावर येतो का, हे आधी पाहावे.

उपायही साधेच आहेत. सेन्सर पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीकडे न रोखता सावलीतील भिंतीकडे आणि येण्याजाण्याच्या वाटेला आडवा बसवावा. तापमानावर अवलंबून नसलेला सूक्ष्मतरंग सेन्सर हा पर्याय आहे, पण पातळ भिंतीपलीकडच्या हालचालीनेही तो दिवा लावतो, म्हणून तो सरसकट घेणे शहाणपणाचे नाही. नवा संच विकत घेण्याआधी पंच्याची परीक्षा करावी आणि जिन्यासारख्या ठिकाणी हाताने चालणारे साधे बटण कायम ठेवावे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात त्याचा भरवसा अधिक आहे.