गॅरी किल्डॉल: विमानाच्या गोष्टीपलीकडे

1980 सालच्या ऑगस्टमध्ये आयबीएमची माणसं कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह या छोट्या गावी आपल्या नव्या संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टमचा सौदा करायला आली, गॅरी किल्डॉल मात्र विमान उडवत हिंडत होता, म्हणून काम बिल गेट्सच्या पदरात पडलं. संगणकाच्या दुनियेत ही गोष्ट इतकी चघळली गेली आहे की किल्डॉलचं नाव निघालं की आधी विमानच आठवतं. मला ती गोष्ट निम्मीच खरी वाटते, आणि त्या माणसावर अन्याय करणारीही.

त्याचा जन्म 1942 चा, सिएटलचा. घरचा व्यवसाय नौकानयन शिकवण्याच्या शाळेचा. वॉशिंग्टन विद्यापीठातून 1972 मध्ये डॉक्टरेट, आणि माँटेरीच्या नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात मास्तरकी. इंटेलने नुकताच बाजारात आणलेला मायक्रोप्रोसेसर बहुतेक इंजिनिअरांच्या लेखी ट्रॅफिक सिग्नलसारखी यंत्रं चालवण्यापुरता होता. किल्डॉलला त्यात अख्खा संगणक दिसला. इंटेलसाठी सल्लागार म्हणून त्याने पीएल/एम ही भाषा आणि तिचा कंपायलर लिहिला. पण प्रोग्रॅम ठेवायचे कुठे? कागदी पट्टीवर काम फार संथ चाले. फ्लॉपीचा ड्राइव्ह हाताशी आला, तो चिपला जोडणारं सर्किट मित्र जॉन टोरोडने बनवून दिलं, आणि 1974 मध्ये फ्लॉपीवरच्या फायली सांभाळणारी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टम उभी राहिली. इंटेलला ती विकत घ्यावीशी वाटली नाही. मग पत्नी डोरोथीसोबत त्याने स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीचं नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. पुढे त्यातली आकाशगंगा गळाली.

खरी करामत त्यानंतरची. दर कंपनीचं यंत्र वेगळं, त्यामुळे सीपी/एम दर वेळी नव्याने जुळवावी लागे. या कटकटीला वैतागून किल्डॉलने यंत्राशी थेट बोलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटलं. गाडीचे डबे तसेच ठेवून इंजिन तेवढं बदलावं, तसं झालं. एकदा लिहिलेलं वर्डस्टारसारखं लेखनाचं सॉफ्टवेअर आता डझनावारी कंपन्यांच्या यंत्रांवर चालू लागलं. यंत्रापासून सुटं असं सॉफ्टवेअर विकण्याचा घरगुती संगणकांचा बाजार इथे रुजला. आज आपण ‘सी ड्राइव्ह’ म्हणतो, ती ड्राइव्हला अक्षर देण्याची रीतही सीपी/एममार्गेच मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये आली.

आता तो ऑगस्ट. किल्डॉल विमानाने गेला होता हे खरं, पण हौस म्हणून नव्हे, बिल गॉडबाउट या ग्राहकाकडे कामानिमित्त. करारांचं काम डोरोथीच पाहत असे. आयबीएमचा एकतर्फी गोपनीयतेचा करार पाहून ती सही करायला कचरली. दुपारी आपण परतून बोलणी केली, असं किल्डॉल पुढे सांगत असे. इतरांच्या आठवणी याच्याशी जुळत नाहीत. इकडे टिम पॅटरसनने सीपी/एमच्या धर्तीवर क्यूडॉस लिहिली होती. गेट्सच्या मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला आणि जुलै 1981 मध्ये 50,000 डॉलर देऊन सगळे हक्कही घेतले; तीच पीसी-डॉस म्हणून आयबीएमच्या संगणकावर आली. किल्डॉलने कायद्याचा बडगा दाखवल्यावर आयबीएमने सीपी/एम-86 विकायचं कबूल केलं, पण किंमत ठेवली 240 डॉलर. शेजारी पीसी-डॉस 40 डॉलरला! गिऱ्हाईक काय करणार? माझ्या मते त्याला हरवलं ते या किमतीच्या चिठ्ठीने.

पुढे त्याने ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचं सहसूत्रसंचालन केलं, आणि 1985 मध्ये ग्रोलियरचा विश्वकोश सीडीवर आणला, तेव्हा बहुतेकांच्या लेखी सीडी म्हणजे गाणी. 1991 मध्ये कंपनी नॉव्हेलला विकली. 1994 च्या जुलैमध्ये, 52 व्या वर्षी, तो गेला. व्यापारात तो गेट्सइतका कडवा नव्हता हे मान्यच करावं लागेल; मनाने तो शेवटपर्यंत मास्तरच राहिला. 1973 साली कंपायलरमधल्या डेटा-प्रवाहाच्या विश्लेषणावर त्याने मांडलेली पद्धत अभियांत्रिकीच्या वर्गांत आजही शिकवतात, आणि तिला किल्डॉलचंच नाव आहे.