शिकवण्यापासून आखण्यापर्यंत : सिंधुदुर्गातील प्राध्यापक-प्रशिक्षणाचा मागोवा

सिंधुदुर्गातील महाविद्यालयीन अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा विचार करताना एक वस्तुस्थिती आधी ध्यानात घ्यावी लागते. येथील महाविद्यालये प्रामुख्याने मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, म्हणजे विद्यापीठाचे अभ्यासमंडळ, अर्थात त्या त्या विषयातील तज्ज्ञांची अधिकृत समिती, जो अभ्यासक्रम ठरवते तोच ती शिकवतात. सावंतवाडीच्या श्री पंचम खेमराज महाविद्यालयात, वेंगुर्ल्याच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर महाविद्यालयात किंवा मालवणच्या स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयात शिकवणाऱ्या बहुतेकांच्या हाती अभ्यासक्रम तयार होऊनच येत असे. तो आखताना काय घ्यावे आणि काय सोडावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे सहसा उभाच राहत नसे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली आणि नवनियुक्तांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, तर अनुभवी अध्यापकांना विषयातील नव्या ज्ञानाची ओळख करून देणारा तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग अशी रचना रूढ झाली. हे वर्ग पदोन्नतीशी जोडलेले असल्यामुळे ते टाळणे शक्य नव्हते, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू होईपर्यंत त्यासाठी मुंबई गाठणे म्हणजे घाटवळणांच्या महामार्गावरचा एसटीचा रात्रभराचा प्रवास असे. तथापि खरी उणीव अंतराची नव्हती. अध्यापनपद्धती आणि मूल्यमापन यांविषयी तेथे जे शिकायला मिळे, त्याचा उपयोग करायला परतल्यावर वाव फारच थोडा होता, कारण घटक, तासिका आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूप आधीच ठरलेले असे.

मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून श्रेयांकाधारित सत्रपद्धती आणली, तेव्हा अंतर्गत मूल्यमापनाच्या निमित्ताने काही निर्णय अध्यापकाकडे आले. पुढे अध्ययन निष्पत्ती, म्हणजे अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता आले पाहिजे याचे स्पष्ट विधान, ही संकल्पना प्रशिक्षणवर्गांत आली. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आखणी शेवटापासून होते: आधी निष्पत्ती, मग तिचा पुरावा, आणि त्यानंतर आशय. मालवणच्या संदर्भात तिचा अर्थ असा, की रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढल्या जाणाऱ्या, जाळ्यात येणाऱ्या मासळीची जातवार नोंद करून तिच्यातील ऋतुमानानुसार होणारा बदल विद्यार्थ्याला मांडता यावा, हे प्रथम ठरते. ती नोंदवही हाच पुरावा होतो, आणि सागरी परिसंस्थेची कोणती प्रकरणे शिकवायची हे त्यावरून निश्चित होते. १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झालेल्या या किनाऱ्यावर अशी आखणी इतकी वर्षे तुरळकच राहावी, ही मोठी हानी आहे.

२०२० च्या नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक मिळाले, आणि त्यांची आखणी महाविद्यालयालाच करावी लागते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या मालवीय मिशन या अध्यापक-प्रशिक्षण कार्यक्रमाच्या ऑनलाइन वर्गांनी प्रवास वाचवला आहे, पण देशभरातील अध्यापक एकत्र येतात त्या वर्गात मालवणच्या मच्छीमारीवरचा क्षेत्रप्रकल्प बारकाईने तपासला जाणे अवघड आहे. त्यासाठी जिल्ह्यातील प्राणिशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना मच्छीमारांसह मालवणातच एकत्र बसावे लागेल.